सोवळं खाणारी अळी

चिमाबद्दल लिहायचं तर आधी माझा राग लिहावा लागेल, कारण तिची आठवण आली की अजूनही आधी तोच वर येतो. राग तिच्यावर नव्हे. आमच्या घरावर, माजघरातल्या त्या उंच दांडीवर, आणि जिऱ्यापेक्षा जराशीच मोठी असलेल्या एका केसाळ अळीवर. त्यातल्या त्यात अळीला मी माफ केलं आहे. तिला पोट होतं, आणि स्वतःच्या खाण्याचं खापर ती दुसऱ्यावर फोडत नव्हती.

चिमा आमच्याकडे कामाला होती. तिचं गाव पालीच्या पलीकडे दोन कोसांवर. नवरा बाबल्या मुंबईला गिरणीत, तो शिमग्याला काय चार दिवस यायचा तेवढाच. म्हणून ती आणि तिची मुलगी राही रत्नागिरीत, झाडगावातल्या आमच्या घरामागच्या खोपीत राहत. गोठा, अंगण, भांडी, केर, सारवण सगळं तिच्या अंगावर. बाई उंच, काटक, आणि बोलताना माणसाकडे न बघता हातातल्या कामाकडे बघून बोलणारी. मी १९२९ साली राजापूरहून या घरात सून म्हणून आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने मला सांगितलं, की वैनी, तुम्ही काढलेला केर सगळा खाटेखाली जातो. मला राग आला, मग मी खाटेखाली वाकून बघितलं. तेव्हापासून आमचं जमलं.

घरात माणसं मोजकी. माझे सासरे हरिहरपंत, ज्यांना सगळे नाना म्हणत, कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. कचेरीत चाळीस वर्षं लोकांना रांगेत उभं केल्यावर आता त्यांच्या तावडीत फक्त आम्ही उरलो होतो. सासूबाई आनंदीबाई, सोवळ्याच्या कडक. आणि आमचे हे, गोपाळकृष्ण, शाळेत मास्तर. वर्गात सिंहासारखे बोलत म्हणे. घरात मी त्यांना नानांसमोर कधी मोठ्याने शिंकताना ऐकलं नाही.

आता ती दांडी. आमच्याकडे स्वयंपाकाला आणि पूजेला लागणारं सुती सोवळं रोज धुतलं जाई. पण सासूबाईंची सोवळ्यात नेसायची लोकरीची धाबळी आणि नानांचा मुकटा, म्हणजे पूजेचं रेशमी धोतर, यांना धुण्याची गरज नसे, कारण लोकर आणि रेशीम ही मुळातच शुद्ध. ती छपराखाली टांगलेल्या उंच दांडीवर असायची. काठीने चढवायची, काठीने उतरवायची, आणि आंघोळ करून ओलेत्याने आलेल्या माणसाखेरीज कुणी हात लावायचा नाही. म्हणजे महिनोन्महिने न धुतलेलं, न झटकलेलं, उन्हाचं तोंड न पाहिलेलं कापड घरात सगळ्यांत पवित्र, आणि मी सकाळी धुतलेलं लुगडं नेसून त्याला शिवले की ते बाटलं. चिमाची तर गोष्टच सोडा. तिने त्या दांडीखालून झाडून जायचं, पण वर बघायचंसुद्धा नाही, अशी रीत.

१९३३ सालच्या गणपतीत सासूबाईंनी काठीने धाबळी उतरवली आणि खिडकीकडे धरली तर पलीकडचं अंगण दिसलं. बारीक बारीक भोकं, कडा अगदी नीट कापल्यासारख्या. मग नानांचा मुकटा पाहिला. तोही तसाच. मग सणासुदीचं पीतांबर पाहिलं, ते दांडीच्या दुसऱ्या टोकाला होतं. त्यातलं रेशीम गेलेलं आणि जरीच्या तारा तेवढ्या लोंबत राहिलेल्या. आणि याच दांडीवर मध्ये नानांचं सुती उपरणं होतं, त्याला एक भोक नाही.

पहिले आठ दिवस सगळ्यांनी शहाणपण केलं. नाना म्हणाले उंदीर. उंदराची लेंडी एक सापडली नाही. सासूबाई म्हणाल्या झुरळं. हे म्हणाले कसर, आणि बाजारातून डांबराच्या गोळ्या घेऊन आले. पण त्या गोळ्या कुणी कशापासून केल्या कोण जाणे, सोवळ्याच्या कापडाला त्या लावायच्या नाहीत, म्हणून त्या माझ्या ट्रंकेत गेल्या, जिथे काहीच बिघडलं नव्हतं. माझी लुगडी वर्षभर डांबराच्या वासाने घमघमत होती. दांडीवरची भोकं वाढतच गेली.

मग शेजारच्या एक बाई आल्या, त्यांचं नाव मी घेत नाही. त्यांनी धाबळी लांबून पाहिली, उपरणं पाहिलं, आणि हळूच म्हणाल्या, की नुसतं सोवळंच कसं हो फाटतं? रोज धुवावं लागणाऱ्या सुतीला धक्का नाही, मुळातच शुद्ध त्या सोवळ्याला मात्र भोकं. किड्याला काय सोवळं-ओवळं कळतं? हे कुणीतरी केलेलं आहे.

एवढं पुरलं. करणी हा शब्द घरात शिरला आणि पाटावर बसला. नाना ग्रामदेवीला कौल लावायला गेले. गुरवाने देवीला पाकळ्या लावल्या, नानांनी एकच प्रश्न विचारला, घराबाहेरच्या माणसाचा हात आहे का, आणि उजवीकडची पाकळी पडली. होय. घरात येणारं बाहेरचं माणूस एकच होतं. जन्मभर कोर्टात लोकांकडून कागद मागणाऱ्या माणसाने पुरावा म्हणून एक पाकळी घरी आणली, आणि आम्ही सगळ्यांनी ती मान्य केली. मीही गप्प बसले. हे लिहायला नको वाटतं, पण बसले.

चिमाला सांगण्यात आलं, की घरात पाऊल टाकायचं नाही, गोठा आणि अंगण तेवढं बघायचं, आणि तुळशीच्या लग्नानंतर खोप सोडायची. एवढ्यावर नाना थांबले असते तर चिमाही कदाचित थांबली असती. पण तिच्या गावचा सदू बैलगाडीतून आमच्याकडे पेंढा घालायला यायचा. नानांनी ओटीवर बसून त्याला सांगितलं, की चिमावर करणीचा संशय आहे, गावात कानावर घाला.

इथे राहीचं सांगायला हवं. राही सतरा वर्षांची, आईसारखीच उंच. तिची सोयरीक गावातल्याच भागोजीच्या मुलाशी ठरली होती, लग्न मार्गशीर्षात. भागोजीचं घर चांगलं, मुलगा शेती बघणारा. आयुष्य एकटीने काढलेल्या चिमाला मुलीसाठी मुंबईला न जाणारा जावई हवा होता आणि तो तिने दोन वर्षं शोधून मिळवला होता. आठ दिवसांनी सदू पुढचा पेंढा घेऊन आला तेव्हा भागोजीचा निरोप घेऊन आला. मार्गशीर्षातलं थांबवू या, काय ते नीट कळल्यावर बघू.

निरोप ऐकताना चिमा गोठ्यात शेण भरत होती. ते तिने भरलं, टोपली उकिरड्यावर रिकामी केली, हात धुतले आणि मागल्या दाराशी येऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिली. तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा फाटलेला ऐकला.

"वैनी, ज्या कापडाला मी जल्मात हात लावला न्हाय, त्यां मी खाल्लां कसां? आनि किड्याला सोवलां कलत न्हाय म्हनतात. मग आमच्या घोंगडीला अशींच भोकां पडतात, ती काय सोवल्यातली हाय?"

घोंगडी. मी तिच्याकडे बघतच राहिले. पावसात डोक्यावर घ्यायची धनगरी घोंगडी, तिच्यापेक्षा ओवळं काय असणार? पण तीही लोकरीची. आणि तिचं सुती पातळ त्याच खुंटीवर असून शाबूत. चिमा म्हणाली, की जे अंगावर उगवतं ते हा किडा खातो, शेतात उगवतं ते खात नाही. हे तिच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आमच्या घरात दोन पिढ्या शिकलेली माणसं होती आणि एकाला माहीत नव्हतं, कारण आमच्यापैकी कुणी आपलं लोकरीचं कापड कधी झटकलंच नव्हतं.

पुढे जे ती बोलली त्याने तर मला हसावं की रडावं कळेना. ती म्हणाली, की गेले सहा महिने दांडीखाली रोज सकाळी बारीक कोंडा पडलेला सापडतो, भाताच्या तुसासारखा पण केसाळ. तिने सासूबाईंना दाखवलाही होता. सासूबाई म्हणाल्या होत्या, चिमणीचं घरटं आहे वर, त्यातला कचरा असेल, झाड आणि गप्प बस. चिमाने झाडलं आणि ती गप्प बसली.

दुपारी सासूबाई पुराणाला गेल्या आणि नाना पडले होते, तेव्हा मी पुन्हा आंघोळ केली. विहिरीवरून ओलेत्याने आले, काठीने धाबळी उतरवली आणि अंगणात नेली. चिमाने धुतलेला पांढरा पंचा उन्हात पसरून ठेवला होता आणि ती दहा हात लांब उभी राहिली. मी म्हटलं, जवळ ये, कोण बघतंय. ती आली नाही. मी धाबळी झटकली.

पंच्यावर सडा पडला. निम्मे नुसते पोकळ कोष, चिमा म्हणायची तो कोंडा. बाकीच्या जिवंत अळ्या. तपकिरी, अंगावर फिकट आडवे पट्टे, सगळीकडे केस, आणि शेपटाकडे केसांचे झुबके. काडीने डिवचलं की ते झुबके पंख्यासारखे उघडत. उन्हात त्या एक क्षण थांबल्या आणि मग सगळ्या मिळून पंच्याच्या घडीखाली, अंधाराकडे निघाल्या. यांचीच भावंडं मुकट्यात बसून सहा महिने नानांबरोबर संध्या करत होती.

मग आम्ही माजघरात वर पाहिलं, म्हणजे मी पाहिलं आणि चिमाने दाराबाहेरून बोट दाखवलं. दांडीच्या बरोबर वर माझ्या आजेसासऱ्यांची तसबीर, आणि तसबिरीमागे चिमणीचं घरटं. सासूबाई रोज त्या चिमण्यांना तांदूळ टाकायच्या. घरटं मोडणं पाप, म्हणून वर्षानुवर्षं तेच. पिल्लं उडून गेलेली होती. मी काठीने ते रिकामं घरटं खाली पाडलं. पिसं, गवत, वाळलेल्या माश्या, आणि त्यात वळवळणाऱ्या तशाच केसाळ अळ्या. तिथलं संपलं की खाली दांडीवर पडायच्या, आणि खाली तर पान वाढून ठेवलेलंच होतं.

संध्याकाळी मी ह्यांना सगळं दाखवलं. ह्यांनी भिंग आणलं आणि अर्धा तास ते त्या अळीवरून डोळा काढीनात. म्हणाले, आपण सगळ्याला कसर म्हणतो, पण कसर एक नाही. पुस्तकांत पळते ती चंदेरी, चपटी, ती खळ आणि कागद खाते. फिकट पतंगाची अळी वेगळी, ती स्वतःभोवती नळी विणते. ही तिसरी, हिचा पुढे भुंगेरा होतो. सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. मी म्हटलं, फार छान, हे नानांना सांगा. चेहरा मावळला. म्हणाले, नानांना असं तोंडी सांगून पटायचं नाही, प्रयोग करून दाखवायला हवा. शाळेतून त्यांनी दोन काचेच्या बाटल्या आणून दिल्या आणि आपला वाटा उचलला असं समजून ते वह्या तपासायला बसले.

एका बाटलीत आम्ही धाबळीची दशी, मुकट्याचा धागा आणि चिमाच्या घोंगडीचा तुकडा घातला. दुसरीत नानांच्या पंच्याची चिंधी. दोन्हींत सहा सहा अळ्या, तोंडाला फडकं बांधून. बाटल्या ठेवल्या खोपीत, कारण आमच्या घरात कुणी फेकून दिल्या असत्या.

आणि मग वाट बघायची. अळीइतकं संथ जनावर मी दुसरं पाहिलेलं नाही. तुळशीचं लग्न जवळ येत होतं, राही आईशी बोलेनाशी झाली होती, भागोजीकडून काही कळत नव्हतं, आणि त्या अळीबाया आपल्या निवांत, चार दिवसांत एक धागा. चिमा रोज बाटली उजेडात धरून त्यांना शिव्या घालायची. आता खायला देतोय तर खात न्हाय, म्हणायची, आणि तितां पीतांबर फस्त केलंस. मला तर वाटू लागलं होतं की धाबळी आपणच खाऊन दाखवावी.

वीस-एक दिवसांनी मात्र लोकरीच्या बाटलीत तळाला भुकटी जमली होती. घोंगडीच्या तुकड्याला आणि धाबळीच्या दशीला एकसारखी भोकं पडली होती. चिंधीला काही झालं नव्हतं. आणि एक अळी, जी मेली असं समजून आम्ही बाटलीत तशीच राहू दिली होती, तिची पाठ उभी उलली होती आणि आतून काहीतरी गोल, ठिपक्याठिपक्यांचं डोकावत होतं. दुसऱ्या दिवशी ते बाहेर आलं. तिळाएवढा भुंगेरा, पाठीवर पांढरे, पिवळट आणि तपकिरी शिंतोडे.

तो बघितल्यावर मी बाटली घेऊन सरळ ओटीवर गेले. चिमा मागोमाग आली आणि अंगणात उभी राहिली. नाना पूजेची फुलं निवडत बसले होते, समोर झेंडूची परडी. मी सगळं सांगितलं. माझा आवाज चढत होता आणि मला तो खाली आणायचा नव्हता. नानांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, की बाटलीतलं बाटलीत, दांडीवरचं दांडीवर, कौल तर मिळाला आहे.

मी बाटली त्यांच्या गुडघ्याशी ठेवली. भुंगेरा उजेडाच्या बाजूने काच चढत होता. नाना सवयीने एक झेंडू उचलून निरखू लागले. त्यांची ही रोजची रीत होती. फुलावर एखादा जीव असला तर त्याला मारायचं नाही, बोटावर घेऊन हलकेच फुंकर घालून माजघराच्या खिडकीवर सोडायचं. देवाकडे आलेला जीव, म्हणायचे. त्या झेंडूवर एक होता. गोल, तिळाएवढा, शिंतोड्यांचा. नानांनी बोट पुढे केलं आणि तसंच धरून ठेवलं. एकदा फुलाकडे पाहिलं, एकदा बाटलीकडे. 

"हा तर माझ्या फुलांवरचा," ते म्हणाले.

मला वाटलं, आता काहीतरी होईल. झालं एवढंच, की नानांनी घसा साफ केला आणि म्हणाले, की गुरवाने पाकळी नीट लावलेली दिसत नाही, तर चिमाने उद्यापासून आत कामाला यायला हरकत नाही. जणू तिचाच काही अर्ज होता आणि तो त्यांनी मंजूर केला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार तोच अंगणातून चिमा बोलली. राहीच्या सोयरिकीचं काय, एवढंच तिने विचारलं. नाना म्हणाले, भागोजीला पत्र लिहून देतो, सदूबरोबर जाईल.

चिमाने या खेपेला कामाकडे बघितलं नाही. ती नानांकडे बघत होती.

"पयला सबुद तोंडानं गेला, नानांनु. ह्यो पन तोंडानंच जाऊंदे."

नाना ताठ झाले. माझं वय काय, तिथवर मोटार जात नाही, मी त्यांच्या दारात जाऊन काय सांगू, सगळं बोलून झालं. चिमा उभीच. शेवटी जे घडेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं ते घडलं. आतून सासूबाई आल्या. घरटं मोडल्यावरून तीन आठवडे त्या माझ्याशी धड बोलत नव्हत्या. त्यांनी काठीने भोकांची धाबळी उतरवली, तिची घडी करून नानांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, जाताना ही घेऊन जा, दाखवायला लागेल. घरात मुलगी असती तर आपण पत्रावर गप्प बसलो असतो काय?

नाना गेले. पालीपर्यंत सर्व्हिस मोटारने आणि पुढे सदूच्या गाडीतून. तिथे काय झालं ते सदूने मला सांगितलं. भागोजीच्या अंगणात चार माणसं जमली. नानांनी बाटली काढली, धाबळी उलगडली, आणि आपण चुकीचं बोललो असं सर्वांसमोर सांगितलं. सदू म्हणतो की सांगितलं, आणि सदू उगाच कुणाला चांगलं म्हणणारा नव्हे. भागोजीने धाबळी हातात घेऊन उजेडात धरली. मग त्याची बायको आत गेली आणि खुंटीवरची घोंगडी घेऊन आली. तीच भोकं. भागोजी म्हणाला, की ह्या किड्यापायी तुम्ही चिमाला वाळीत टाकायला निघालात? आम्ही आठ दिवसांनी घोंगडी उन्हात टाकतो. नानांनी धाबळीची घडी घातली आणि ते चहा प्याले, तोही भागोजीच्या घरचा. हे सासूबाईंना आम्ही कधी सांगितलं नाही.

राहीचं लग्न मार्गशीर्षातच झालं. मी गेले होते. चिमा मांडवात एका जागी बसून होती, पहिल्यांदाच काही काम न करता, आणि मला बघून तिला रडू फुटलं. मला वाटलं, आता ही परत येणार नाही, आणि आली नाही तर तिचं बरोबरच आहे.

पण ती आली. तिसऱ्या दिवशी केरसुणी घेऊन माजघरात उभी. सासूबाई बऱ्याच अवघडल्या होत्या. म्हणाल्या, चिमा, आता आठ दिवसांनी ही धाबळी झटकायला हवी. लोकरीला काही विटाळ नसतो, तू झटकलीस तरी चालेल. हा आमच्या घरचा माफी मागण्याचा प्रकार. चूक आमची आणि काम तिचं वाढलं.

"नको काकी," चिमा म्हणाली. "हात लावला न्हवता, म्हनून तर मी वाचलंय. मना बंदी हाय ती असूंदे. तुमचां सोवलां तुमी झटका, नायतर ज्यांनी किडा घरात सोडला ते झटकतील."

त्यानंतर नऊ वर्षं, नानांचे हात चालत होते तोवर, दर शनिवारी सकाळी नाना आंघोळ करून ओलेत्याने अंगणात यायचे आणि उन्हात धाबळी झटकायचे. चिमा केरसुणी घेऊन दहा हात लांब उभी राहायची, रीत मोडू न देता. नाना थांबले की ती खाली पसरलेल्या पंच्याकडे बघायची आणि म्हणायची, आनि येक डाव. नाना पुन्हा झटकायचे.